आकाशातील डोळा आणि गायरानाचा तुकडा

उपग्रहाचा विषय निघाला की आपल्या चळवळीत दोन प्रकारची माणसे भेटतात. एकाला वाटते, हे सारे शास्त्रज्ञांचे आणि सरकारचे काम. गावकुसाबाहेरच्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध? दुसऱ्याला वाटते, यंत्राला जात नसते, तेव्हा यंत्र सांगेल तेच खरे मानावे. या दोन्ही समजुती आपल्याच माणसाचे नुकसान करणाऱ्या आहेत. परभणी जिल्ह्यात जिंतूर, गंगाखेड, पालम या भागांतील माळावर दोन-तीन एकर गायरान कसून पोट भरणाऱ्या कुटुंबाचा या उपग्रहांशी फार जवळचा संबंध आहे. त्याचा तुकडा नकाशावर पिकाखालील म्हणून रंगवायचा की पडीक म्हणून, हे ठरविण्यात आकाशातून घेतलेल्या चित्राचा वाटा वाढत चालला आहे. म्हणून हे चित्र कसे घेतात, त्यात काय दिसते आणि काय दिसत नाही, हे कार्यकर्त्याने, शिक्षकाने आणि विद्यार्थ्याने समजून घेतलेच पाहिजे.

भारतीय अंतराळ संशोधन संस्था, म्हणजे इस्रो, १९६९ साली स्थापन झाली. पृथ्वीचे वरून निरीक्षण करण्याचा आपल्या देशातील आरंभीचा प्रयोग १९७० च्या सुमारास केरळात झाला. माडांना लागलेला रोग हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या अवरक्त छायाचित्रांत ओळखता येतो का, हे प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली तपासले गेले. १९७४ साली हैदराबादला राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्था उभी राहिली. २००८ साली ती इस्रोचे केंद्र झाली. ७ जून १९७९ रोजी ‘भास्कर-१’ हा उपग्रह सोव्हिएत अग्निबाणावरून सोडला गेला. त्याच्या कॅमेऱ्याचा एक ठिपका जमिनीवरील सुमारे एक किलोमीटर लांबी-रुंदीचा होता. एक चौरस किलोमीटर म्हणजे २४७ एकर. अशा चित्रात एखाद्या गावाचे सारे शिवार मोजक्या ठिपक्यांत संपते. गोदावरी दिसेल, येलदरीचा जलाशय दिसेल. शेत दिसणार नाही.

शेताकडे पाहू शकणारा पहिला भारतीय उपग्रह ‘आयआरएस-१ए’. तो १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून सोडला गेला. सुमारे ९०० किलोमीटर उंचीवरून तो दर २२ दिवसांनी त्याच जागेवर परत येत असे. त्याच्यावर दोन प्रकारचे कॅमेरे होते. एकाचा ठिपका ७२.५ मीटरचा, दुसऱ्याचा ३६.२५ मीटरचा.

हे मीटर आपण गुंठ्यांत मांडून पाहू, कारण जमिनीचा हिशेब आपली माणसे गुंठ्यातच करतात. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. पहिल्या कॅमेऱ्याचा एक ठिपका सुमारे ५२ गुंठ्यांचा, म्हणजे एकराहून मोठा. दुसऱ्याचा सुमारे १३ गुंठ्यांचा. म्हणजे एका एकरात तीनच ठिपके. अमेरिकेचा ‘लँडसॅट-५’ १९८४ पासून फिरत होता. त्याचा ठिपका ३० मीटरचा, म्हणजे ९ गुंठ्यांचा. पुढे भारताच्या ‘रिसोर्ससॅट’ मालिकेचा २३.५ मीटरचा ठिपका साडेपाच गुंठ्यांपर्यंत आला. २००५ च्या ‘कार्टोसॅट-१’ चा ठिपका अडीच मीटरचा. एका एकरात असे जवळजवळ साडेसहाशे ठिपके बसतात. ठिपक्याच्या आतले वेगळे काही दिसत नाही. १३ गुंठ्यांच्या ठिपक्यात ७ गुंठे तूर आणि ६ गुंठे मुरूम असेल, तर चित्रात दोहोंची सरासरीच उमटते. बांधाला लागून असलेले ठिपके तर अर्धे आपले आणि अर्धे शेजाऱ्याचे असतात.

उपग्रह पीक ओळखतो कसे, हेही समजून घेणे अवघड नाही. सूर्याचा प्रकाश जमिनीवर पडतो आणि परत फिरतो. हिरवे पान तांबडा प्रकाश आपल्या वाढीसाठी शोषून घेते, आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. उघडी काळी माती दोन्ही थोडेथोडेच परत फेकते. उपग्रह या दोन प्रकाशांचे मोजमाप घेतो. अवरक्तातून तांबडा वजा करायचा आणि त्या वजाबाकीला दोघांच्या बेरजेने भागायचे. जो आकडा येतो त्याला वनस्पती निर्देशांक म्हणतात. उदाहरणार्थ, पानाने तांबडा ५ आणि अवरक्त ४५ परत फेकला, तर ४० ला ५० ने भागून ०.८ येतात. मातीने ८ आणि १२ परत फेकला, तर ४ ला २० ने भागून ०.२ येतात. मोठा आकडा म्हणजे हिरवे, लहान आकडा म्हणजे उघडे. दुष्काळाचा अंदाज घेताना याच आकड्याची मागील वर्षांच्या आकड्यांशी तुलना होते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पाऊस, पेरणी आणि जमिनीतील ओल यांबरोबर या निर्देशांकालाही स्थान दिले आहे.

आता परभणीच्या जमिनीकडे येऊ. गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या काठची खोल काळी जमीन पावसाची ओल धरून ठेवते. तिच्यात रब्बीची ज्वारी येते. ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या ताब्यात राहिली, हे या पानांच्या वाचकाला सांगावयास नको. भूमिहीनाच्या वाट्याला आले ते गायरान, म्हणजे बहुधा उताराची, मुरमाड, हलकी जमीन. तिच्यात ओल टिकत नाही. त्यामुळे तिच्यावर येते ते खरिपाचे पीक : मूग, उडीद, बाजरी, फार तर तूर. आणि खरिपात, जून ते सप्टेंबर, आभाळात ढग असतात. साधा कॅमेरा ढगाच्या आरपार पाहू शकत नाही. आभाळ मोकळे होते ते दिवाळीच्या सुमारास. तोवर मूग-उडीद काढून झालेले असतात. जानेवारीतले स्वच्छ चित्र घेतले तर काळ्या रानात ज्वारी डोलताना दिसते आणि माळावरचा तुकडा उघडा दिसतो. त्या एका चित्रावरून कोणी निष्कर्ष काढला की ही जमीन कोणी कसतच नाही, तर यंत्र खोटे बोललेले नसते. तरीही अन्याय पुरा झालेला असतो.

ढगापलीकडे पाहणारे रडार उपग्रह आहेत. इस्रोचा ‘रिसॅट-१’ २०१२ साली, ‘ईओएस-०४’ २०२२ साली आणि अमेरिकेच्या नासाबरोबर बनविलेला ‘निसार’ ३० जुलै २०२५ रोजी आकाशात गेला. पुढच्या खरिपांसाठी ही सोय मोलाची आहे. परंतु गायरानाचा तंटा पुढच्या वर्षांचा नाही, मागच्या वर्षांचा आहे.

भूमिहीनांच्या जमिनीसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली सत्याग्रह झाले. मराठवाड्यात पुढे एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने गायरानाचा प्रश्न लावून धरला. या रेट्यामुळे शासनाला निर्णय घ्यावे लागले. १९७८ च्या निर्णयाने ३१ मार्च १९७८ पर्यंतची, आणि २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. १४ एप्रिल ही तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची. परंतु निर्णय निघाला म्हणून सातबारा हाती पडला असे झाले नाही. कसणाऱ्याने त्या तारखेपूर्वीची वहिवाट सिद्ध करावी, अशी अट आली. गाव नमुना १-ई मध्ये अतिक्रमणाची नोंद असेल, दंडाच्या पावत्या असतील, तर पुरावा झाला. नोंद करणारा हात गावच्या कारभाऱ्यांच्या दबावाखाली असेल, पावती दिलीच गेली नसेल, किंवा पावसात घर गळून कागद कुजले असतील, तर तीस-चाळीस वर्षांचे कष्ट हवेत विरतात. २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले. शासकीय अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींसारखे अपवाद त्याच निकालात आहेत. हा अपवाद किती कार्यकर्त्यांनी वाचला आहे?

येथे जुनी चित्रे उपयोगी पडू शकतात. आयआरएस-१ए मार्च १९८८ मध्ये गेला. म्हणजे १४ एप्रिल १९९० पूर्वीचे दोन खरीप आणि दोन रब्बी त्याच्या डोळ्यांखालून गेले. लँडसॅट-५ च्या काळात असे सहा रब्बी येतात. नांगरलेली जमीन आणि गवताचा माळ यांचा रंग, भोवतालच्या कुरणापेक्षा वेगळा दिसणारा तुकडा, डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी असलेली तूर, या खुणा तीन एकरांच्या तुकड्यात नऊ-दहा ठिपक्यांत दिसू शकतात. एका वर्षी दिसल्या तर शंका राहील. ओळीने तीन-चार वर्षे त्याच जागी दिसल्या तर ती वहिवाटीची साक्ष आहे. १९७८ पूर्वीच्या तारखेसाठी मात्र फारशी आशा बाळगू नये. तेव्हाच्या लँडसॅटचा ठिपका सुमारे ८० मीटरचा, म्हणजे दीड एकराचा होता. दोन एकरांचा तुकडा त्यात जेमतेम सव्वा ठिपक्याएवढा येतो. आजच्या तीक्ष्ण चित्रात बांध आणि झोपडीही दिसते; म्हणून अतिक्रमण दाखविण्यास ते चित्र पुरेसे ठरते. पण वहिवाट सिद्ध करावयाची त्या काळात अशी तीक्ष्ण चित्रे सर्वांना उपलब्ध नव्हती. हा फरक सुनावणीत ठासून मांडला पाहिजे.

दुसरा मुद्दा ‘पडीक’ या शब्दाचा. १९८५ साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर सुदूर संवेदन संस्थेने देशातील पडीक जमिनींचे नकाशे १:५०,००० या प्रमाणावर तयार केले. २००० साली त्यांचा राष्ट्रीय नकाशासंग्रह निघाला. या प्रमाणात नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. दोन एकरांचा चौकोनी तुकडा नकाशावर दोन मिलिमीटरही भरत नाही. इतका लहान तुकडा वेगळा काढता येत नाही. तो भोवतालच्या रंगात मिसळतो. भोवती झुडपी माळ असेल, तर मधले शेतही झुडपी माळ होते. उपग्रहाने फक्त प्रकाश मोजलेला असतो; ‘पडीक’ हे नाव माणसाने दिलेले असते. आणि ज्या समाजाला त्याचे नावही दुसऱ्यांनी दिले, त्याने नाव देणारा कोण हे विचारण्याची सवय सोडू नये.

तिसरी गोष्ट उपग्रहाच्या आवाक्याबाहेरचीच आहे. त्याला शेत दिसते, शेतकरी दिसत नाही. दुष्काळ पडला हे तो सांगेल. पण अनुदान आणि विमा जातो सातबाऱ्यावरील नावाला. बटाईने कसणारा, सालगडी, रोजंदारीवर खुरपणारी बाई, गायरान कसणारी एकटी विधवा, ही माणसे ना त्या चित्रात आहेत, ना त्या उताऱ्यावर. २०२१ पासून ई-पीक पाहणीत खातेदार स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करतो. ज्याचे खातेच नाही त्याचे पीक उभे असूनही नोंदीत येणे कठीण. पिकाचे मोजमाप जितके अचूक होईल, तितकेच नाव कोणाचे लागते हा प्रश्न अधिक टोकदार होईल.

तर कार्यकर्त्याने काय करावे? गट क्रमांक घेऊन तुकड्याच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर टिपून ठेवावेत. गाव नमुना १-ई चा उतारा, दंडाच्या पावत्या, पंचनामे आणि वृद्ध शेजाऱ्यांचे जबाब एकत्र करावेत. मग जुनी चित्रे पाहावीत. लँडसॅटची चित्रे २००८ पासून कोणालाही विनामूल्य मिळतात. इस्रोचे हैदराबादचे केंद्र ‘भुवन’ आणि ‘भूनिधी’ या सेवांद्वारे चित्रे पुरविते, आणि २०२३ च्या भारतीय अंतराळ धोरणाने पाच मीटर व त्याहून ढोबळ चित्रे सर्वांना मोफत खुली ठेवण्याचे ठरविले आहे. कोणी आपल्याविरुद्ध चित्र पुढे केले, तर चार प्रश्न लेखी विचारावेत : कोणत्या उपग्रहाचे, कोणत्या तारखेचे, ठिपका किती मीटरचा, आणि नाव कोणत्या आधारावर दिले? वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटले आहे की उपग्रह चित्र हे इतर पुराव्याला पूरक आहे, त्याची जागा ते घेऊ शकत नाही. तो नियम वनजमिनीपुरता आहे. पण त्यातील न्याय गायरानालाही लागू व्हावा, ही मागणी आपण केली पाहिजे.

परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, नागपूरला १९८८ पासून राज्याचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. आपल्या मुलांपैकी अनेक जण आता कृषी, भूगोल आणि संगणकशास्त्र शिकत आहेत. त्यांनी प्रत्येकी एक गाव घ्यावे आणि त्या गावच्या गायरानाची १९८४ ते १९९० ची चित्रे वर्षवार लावून कसणाऱ्याच्या हाती द्यावीत. करातून उभारलेल्या या उपग्रहांवर मजुराचाही हक्क आहे. विज्ञानाने घेतलेली साक्ष फाइलमध्ये पडून राहिली, तर ती असून नसल्यासारखीच. ती सुनावणीच्या दिवशी तहसील कचेरीत हजर करणे हे आपले काम आहे.