टिक-टिक कशाची?

दांडिया बाजारच्या चार रस्त्यावर वळण्यासाठी थांबलेल्या गाडीतली ‘टिक-टिक’ विद्यार्थ्यांनी ऐकली असेलच. जुन्या गाड्यांत ती फ्लॅशर नावाच्या लहानशा डबीतून येई. आतली दोन धातूंची पट्टी विजेने तापून वाके, जोड सुटे, दिवा विझे. थंड झाली की पुन्हा जोड! मिनिटाला साधारण 60 ते 120 वेळा ही उघडझाप. आता हे काम इलेक्ट्रॉनिक रिले करतो आणि कित्येक नव्या गाड्यांत टिक-टिक चक्क स्पीकरमधून येते. ती एकाएकी जलद झाली तर पालकांनी त्या बाजूचा बल्ब तपासावा. बहुधा उडालेला असतो.

लाल त्रिकोणाचे बटण दाबले की दोन्ही बाजूंचे दिवे एकदम उघडझाप करतात, किल्ली काढलेली असली तरीही. कारण ती सोय रस्त्यात बंद पडलेल्या गाडीसाठी आहे. आपल्याकडे मात्र चौकातून सरळ जायचे म्हणूनही ते लावतात! शाळा सुटताना आम्ही फाटकाशी हे नेहमी पाहतो. शेजारून जाणाऱ्या सायकलवरच्या मुलाला त्यातली एकच बाजू दिसते. गाडी आपल्याकडे वळणार असे समजून तो मध्येच ब्रेक दाबतो, आणि मागून रिक्षा येत असते.