निद्रेतील श्वासरोध व मुखवट्याची निवड

निद्रेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग वारंवार बंद होतो, त्या विकारास स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. पेढीवर दुपारी पेंग येणे हे त्याचे एक लक्षण होय. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली त्यावर उपाय प्रसिद्ध केला : नाकावाटे दाबाची हवा सोडून तो मार्ग उघडा ठेवावयाचा. हेच सीपॅप यंत्र.

यंत्राविषयी तक्रार थोडी. कुरकुर असते ती मुखवट्याची. तो टोचतो म्हणून यंत्र कपाटात ठेवणारे आहेत. त्यांचा रक्तदाब व गाडी हाकताना येणारी डुलकी मात्र कपाटात राहत नाही!

मला प्रथम नाक-तोंड झाकणारा मुखवटा मिळाला. मिशांमुळे कडेने हवा सुटून डोळ्यांत जाई. पट्टे आवळले की गळती थांबते, ही समजूत खरी नव्हे. फार आवळल्यास मऊ गादी चेपून गळती उलट वाढते आणि नाकाच्या दांड्यावर व्रण पडतो. पुढे नाकपुड्यांशी टेकणारा लहान मुखवटा मला मानवला. झोपेत तोंड उघडे राहणाऱ्यास तो सहसा पुरत नाही.

धान्याचा नमुना आपण पोत्याच्या तोंडाशी पाहत नाही, आतून काढतो. तद्वत् मुखवटा दुकानात बसून पारखू नये. निजल्यावर चेहऱ्याची ठेवण बदलते. म्हणून आडवे पडून, हवा चालू ठेवून, कुशीवर वळून पाहावा व पट्टे त्याच वेळी बेताने लावावेत. त्वचेच्या तेलाने गादी निसरते, यास्तव ती रोज सौम्य साबणाने धुवावी.