हिरवे दिसते ते सारेच गार नसते

मे महिन्यात भर दुपारी आमच्या विदर्भात अनवाणी अंगणात उतरायला कोणी धजत नाही. फरशी तापते, माती तापते, हे लहान मुलांनाही ठाऊक असते. पण हिरवळही पोळते, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते. ते आम्हांला एका पाच वर्षांच्या मुलीच्या तळपायांनी शिकवले.

वाशीम जिल्ह्यातले शिरपूर जैन हे आमचे गाव. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे ते दूरवर माहीत आहे. तिथे माझ्या थोरल्या चुलत भावाने शेतातल्या घरामागे पोहण्याचा लहानसा तलाव बांधला. नातवंडांनी सुटीत यावे, एवढीच हौस. भोवती लावलेली हिरवळ एप्रिलपर्यंत करपली. विहीर आटत असताना गवताला पाणी घालणे दादाला पटेना, आणि मोकळी माती ओल्या पायांना लागून तलावात जाई. मी बांधकामात हयात घालवलेला माणूस. मीच म्हटले, ‘‘दादा, कृत्रिम हिरवळ टाकू. पाणी नको, कापणी नको.’’ माणसे आली आणि दोन दिवसांत हिरवेगार गालिचे अंथरून गेली.

पुढे मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमारास नात पाण्यातून निघून घराकडे धावली आणि मध्येच किंचाळली. तळपायांना फोड आले होते. वहिनी एवढेच म्हणाल्या, ‘‘भाऊजी, गवतानं कधी कोणाला भाजलंय का हो?’’

प्रश्न साधा होता, उत्तरही साधे आहे. जिवंत गवत मुळांनी पाणी ओढते आणि पात्यांवाटे ते वाफेच्या रूपाने सोडते. आपल्याला घाम आल्यावर गार वाटते, तसेच हे. कृत्रिम पाती पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन किंवा नायलॉनची. त्यांना घाम येत नाही. ऊन पडले की ती फक्त तापतात.

गंमत अशी, की ही हिरवळ नावारूपाला आली तीच छपराखाली. अमेरिकेत ह्यूस्टन येथील ॲस्ट्रोडोम या बंदिस्त क्रीडागृहात छताच्या पारदर्शक तावदानांची तिरीप खेळाडूंच्या डोळ्यांवर येई, म्हणून तावदाने रंगवली. उजेड कमी झाला आणि गवत मेले. मग १९६६ मध्ये तिथे प्लॅस्टिकचे गवत अंथरले. पुढे १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी त्यावर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर घसरला, तेव्हा आपल्याकडे हे नाव घरोघरी पोचले.

ते उन्हात किती तापते? अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ मध्ये याची मोजणी झाली. सुमारे ७९ अंश सेल्सिअसला पोचलेल्या पृष्ठभागावर पाणी मारले, तेव्हा तो २९ अंशांपर्यंत उतरला; पण पाच मिनिटांत ४९ आणि वीस मिनिटांत ७३ अंशांवर गेला. म्हणजे पाणी मारणे हा घडीभराचा उपाय. खरा उपाय सावली.

दुसरा धडा पावसाने दिला. जुलैत गालिच्याला टेंगळे आली, सांधे उकलले आणि पाणी तलावाच्या भिंतीशी साचू लागले. दोष खालच्या काळ्या मातीचा. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर नुसता गालिचा टाकणे म्हणजे हलत्या खाटेवर घडी घालणे. शिवाय भिंतीशी मुरलेले पाणी माती फुगवते आणि ती फुगलेली माती भिंतीला रेटते. गालिचा बदलता येतो, तडकलेला तलाव दुरुस्त करणे महागात पडते. हे मला कळायला हवे होते. माणसे काम करीत होती तेव्हा मी शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो.

पुढच्या हिवाळ्यात सारे उखडून पुन्हा केले. दीड फूट काळी माती काढली. मुरूम थराथराने पाणी मारून दाबला. माती आणि दगड एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये जाड कापड घातले, वर चार इंच गिट्टी आणि इंचभर चुरी. उतार तलावापासून बाहेरच्या बाजूला, दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटर, आणि कडेला नाली. गालिच्याच्या पाठीला पाणी निथळायला भोके आहेत ना, हे बादलीभर पाणी ओतून पाहिले. पात्यांचा कल सगळीकडे एकाच दिशेला ठेवला, नाहीतर सांधे डोळ्यांत भरतात.

पाती उभी राहावीत म्हणून बारीक वाळू भरली. रबराचा चुरा घेतला नाही. तो अधिक तापतो, शिवाय त्याचे कण मातीपाण्यात जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये असा चुरा विकण्यावर बंदीचा नियम केला, तो २०३१ पासून लागू व्हायचा आहे. वाळू तलावात पडून गाळणी तुंबू नये म्हणून काठाला दोन फूट फिक्या रंगाची खरबरीत फरशी ठेवली. घरापर्यंतच्या वाटेवर मांडव घातला, आणि गालिचा निम्माच केला. उरलेल्या जागेत कडुनिंब लावले.

हा गालिचा कधीतरी झिजणार, आणि तेव्हा तो प्लॅस्टिकचा कचराच असेल. तो शेतात जाळायचा नाही, हेही घरात सांगून ठेवले आहे. म्हणून घालण्याआधी ज्याने त्याने विचारावे : खाली माती कोणती, पाणी कुठे जाईल, आणि दुपारी दोनला तिथे सावली असेल का? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पैसे आधी झाडांवर घालावेत.

नातीचे पाय पंधरवड्यात बरे झाले. अजूनही ती पाण्यातून निघाली, की आधी वाकून हाताची मागची बाजू हिरवळीला टेकवते, पाच आकडे मोजते आणि मगच पाऊल टाकते.