लक्ष आणि लक्ष्य

'लक्ष' आणि 'लक्ष्य' हे दोन शब्द एकाच धातूपासून निघालेले आहेत. लक्ष म्हणजे अवधान. लक्ष्य म्हणजे ज्यावर नेम धरावयाचा ते. आधी लक्ष्य ठरते आणि मग माणूस त्याकडे लक्ष लावतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. फरहान अख्तर यांनी दिग्दर्शित केलेला व जावेद अख्तर यांनी लिहिलेला 'लक्ष्य' हा २००४ सालचा हिंदी चित्रपट पाहिला म्हणजे या क्रमाविषयी शंका येऊ लागते.

करण शेरगिल (हृतिक रोशन) हा दिल्लीच्या सुखवस्तू घरातील तरुण. पुढे काय करावयाचे याचा त्याला पत्ता नाही. मित्राच्या नादाने सैन्यात जाण्याची टूम निघते. मित्र माघार घेतो. घरातून विरोध होतो, म्हणून हा केवळ हट्टाने डेहराडूनच्या सैनिकी अकादमीत दाखल होतो. येथे लक्ष्य आहेसे दिसते, पण ते उसने आहे. शिस्तीचा बडगा बसताच ते गळून पडते आणि करण पळून घरी येतो. प्रेयसी रोमिला त्याच्याशी संबंध तोडते. वडिलांना तर त्याच्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती. तेव्हा तो परत जातो.

परत जाताना त्याच्यापुढे देश नाही, की पराक्रमही नाही. हाती घेतलेले काम या वेळी सोडावयाचे नाही, एवढीच जिद्द आहे. पहाटेची धाव, कवायत, निमूटपणे भोगलेली शिक्षा यांतून त्याला प्रथम लाभते ते लक्ष. लक्ष्य पुढे कारगिलला भेटते. तेथे त्याचे वरिष्ठ आहेत कर्नल सुनील दामले. या मराठी नावाच्या अधिकाऱ्याची भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली आहे.

१९९९ च्या मे ते जुलै या काळातील कारगिल युद्धात श्रीनगर-लेह रस्त्यावर मारा करता येईल अशी शिखरे घुसखोरांच्या ताब्यात होती. ती परत घेताना पाचशेहून अधिक भारतीय सैनिक कामी आले. चित्रपटातील शिखर काल्पनिक आहे, परंतु शत्रूला अनपेक्षित अशा उभ्या कड्याने रात्री चढून जाण्याची कल्पना मात्र निराधार नव्हे. जुलै १९९९ मध्ये टायगर हिलवर १८ ग्रेनेडियर्सच्या घातक तुकडीने दोरांच्या साहाय्याने तसा कडा प्रत्यक्ष चढला होता.

मग तरुण मार्गी लागावा म्हणून युद्धच हवे काय? तसे म्हणणे त्या हुतात्म्यांवर अन्याय करणारे होईल; कोणाचा मुलगा शहाणा व्हावा म्हणून त्यांनी प्राण दिले नाहीत. शिवाय चित्रपटाची साक्षही तशी नाही. करण बदलतो तो अकादमीत, युद्धापूर्वी; कड्यावर त्याची परीक्षा होते, इतकेच.

आपल्या घरांतून "तू पुढे काय होणार?" हा प्रश्न मुलांना फार लवकर आणि पुष्कळदा कुचेष्टेने विचारला जातो. उत्तर देता न आलेला मुलगा आळशीच असतो असे नाही. त्याच्या हातून एखादे लहानसे काम शेवटास जाते की नाही, हे पालकांनी आधी पाहावे. करणला आपल्या वडिलांशी मोकळेपणाने बोलता येते ते थेट रणांगणावरून, जिवाची शाश्वती नसताना. इतका उशीर करण्याचे आपणांस काही कारण नाही.