तुरीऐवजी मसूर, हरभऱ्याऐवजी वाटाणा?

तूरडाळ महागली की कर्जत, नेरळ, खोपोलीच्या किराणा दुकानांत गिऱ्हाइकाचा पहिला सवाल असतो, "हिच्याऐवजी काय चालेल?" २०१५ साली तुरीने किलोला २०० रुपयांचा टप्पा ओलांडला, तेव्हा तर हा सवाल घरोघरी पोहोचला. त्याचे उत्तर दुकानदाराला देता आले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

रोजच्या डाळीत तुरीऐवजी मसूर खुशाल वापरावी; भिजवावी लागत नाही, गॅसही वाचतो. दालच्यात हरभरा डाळ नसेल तर तूर घालता येते, मात्र ती विरघळते, दाणा उरत नाही. चिंच डाळ शिजल्यावरच घालावी. आधी घातली तर कोणतीही डाळ शिजायला वेळ घेते.

वालाचा मामला वेगळा. भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर आपल्याकडे जो कडवा वाल पिकतो, त्याच्या बिरड्याची चव दुसऱ्या कडधान्याला नाही. मोड आणून सोलायला सवड नसेल तर पावटा घ्यावा, पण जाणते गिऱ्हाईक फसत नाही.

खरी गोम पिवळ्या वाटाण्यात आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने त्याची आयात शुल्कमुक्त केली आणि बाजारात माल वाढला. त्याची डाळ हरभरा डाळीसारखीच दिसते, भज्यांना चालतेही. परंतु हरभरा डाळीच्या नावाने व भावाने ती विकणे ही सरळ दगाबाजी. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल उघड करणाऱ्या पैगंबरसाहेबांची (स.) हदीस आपल्या व्यापारी बंधूंना ठाऊक आहे. दोन्ही डाळींची पोती वेगळी ठेवावीत व भावाची पाटी प्रत्येकीवर लावावी. बेसन दळून विकणाऱ्यांनीही पुडीवर वाटाण्याचे नाव छापावे.