दाढेला वेळ द्यावा लागतो

वरची उजवी पहिली दाढ. सहाव्या-सातव्या वर्षी येते, त्यामुळे पक्क्या दातांमध्ये सगळ्यात जास्त वर्षं राबलेली. माझ्या दाढेची कीड हिरडीखाली उतरली होती आणि कॅप बसवायला भिंतच उरली नव्हती. स्क्रीनवर एक्स-रे लावून डॉक्टरांनी तिची तीन मुळं दाखवली: दोन गालाच्या बाजूला, एक टाळूकडे. तिघांची तोंडं तीन दिशांना.

“काकू, जेवून आलात ना? बीपीची गोळी घेतली? रक्त पातळ करायची एखादी गोळी चालू आहे?” हे प्रश्न वरवरचे नव्हते. रिकाम्या पोटी, घाबरलेल्या माणसाला खुर्चीतच चक्कर येते. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर रक्त थांबवायची तयारी आधीच करावी लागते.

गालाच्या बाजूची सुई फारशी जाणवली नाही. टाळूची जाणवली. तिथली कातडी हाडाला इतकी घट्ट बसलेली असते की औषधाला शिरायला जागाच नसते. डॉक्टरांनी आधी एका बोथट दांडीने ती जागा काही क्षण दाबून धरली आणि शेजारीच सुई घातली. दाबामुळे टोचणं बरंच बोथट झालं. औषध होतं लिग्नोकेन, स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी १९४३ साली तयार केलेलं. त्यात थोडं अ‍ॅड्रिनलिन मिसळलेलं असतं. त्यामुळे तिथल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, औषध जागेवर टिकतं आणि रक्तही कमी येतं.

“आता दुखणार नाही, पण दाब कळेल,” त्या म्हणाल्या. वेदना नेणारे बारीक तंतू या औषधाने लवकर गप्प होतात, दाबाची जाणीव मात्र थोडीफार उरते. हे आधी सांगणं मला फार मोलाचं वाटतं. नाहीतर पहिल्या दाबालाच माणसाला वाटतं की भूल चढलीच नाही.

मग काम सुरू झालं, आणि त्यात ओढणं जवळजवळ नव्हतंच. दाढ हाडाला थेट चिकटलेली नसते. मधे धाग्यांचा एक पडदा असतो, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा, आणि त्यात ती तोललेली असते. डॉक्टरांनी पातळ पात्याचं हत्यार त्या फटीत सरकवलं, किंचित फिरवलं आणि थांबल्या. पुन्हा फिरवलं, पुन्हा थांबल्या. दर वेळी थोडे धागे तुटत होते, हाडाचा खळगा थोडा रुंदावत होता. नंतर चिमटा लावला, तोही आधी वर, मुळांच्या दिशेने रेटला. मग गालाकडे, टाळूकडे, पुन्हा गालाकडे. बाहेरच्या बाजूचं हाड पातळ असतं, ते आधी नमतं. जमिनीत रुतलेला खुंटा हलवून हलवून ढिला करावा तसं. तीन मुळांच्या दाढेला पीळ मात्र द्यायचा नाही, मुळं मोडतात.

मी बघत होते त्यांचा डावा हात. अंगठा आणि बोट हिरडीच्या दोन्ही बाजूंना टेकलेलं, सगळा वेळ. हाड कुठे नमतंय, कुठे अडतंय हे त्या बोटांना कळत होतं आणि उजवा हात त्यांचं ऐकत होता. करकर आवाज आला, हाडातून थेट कानात. तोच सगळ्यात भीतीदायक भाग, आणि त्यात दुखणं अजिबात नव्हतं.

११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. त्याआधी दात काढणाऱ्याचं कौशल्य वेगात होतं, कारण समोरचा माणूस तळमळत असायचा. भुलीने वेदना थांबवली आणि त्याचबरोबर काढणाऱ्याच्या हाताला सवड दिली. हाड वाचतं ते या सवडीमुळे.

दाढ आली तेव्हा डॉक्टरांनी आधी तिन्ही मुळांची टोकं शाबूत आहेत का ते पाहिलं, मग खळग्याच्या कडा बोटांनी दाबून जवळ आणल्या.

वरची दाढ काढली की नजर जाते, असं आपल्याकडे अजूनही सांगतात आणि त्या धास्तीने लोक पू झालेली दाढ वर्षानुवर्षं बाळगतात. वरच्या दातांची संवेदना नेणारी नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. दाढ काढल्याने डोळ्याला काही होत नाही. पू तसाच ठेवण्यात मात्र खरा धोका आहे, तो चेहऱ्यात पसरू शकतो.

कापूस पाऊण तास चावून धरायचा. चोवीस तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, तंबाखू तर नाहीच. खळग्यात धरलेली रक्ताची गुठळी हेच तिथलं झाकण. ते निघालं तर हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवसांनी ठणका लागतो. वरची दाढ असल्याने नाकही जोरात शिंकरायचं नाही, कारण तिच्या मुळांच्या वरच सायनसची पोकळी असते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या.

तीन महिन्यांनी परत बोलावलंय. समोरचा आधार गेला की खालची दाढ हळूहळू वर सरकू लागते, त्यामुळे जागा फार काळ रिकामी ठेवायची नाही. इम्प्लांट की ब्रिज, ते हाड किती भरलंय हे पाहून ठरेल.