गोदावरीचा विसरलेला जलमार्ग

नदीचें माहात्म्य आपण जाणतों तें तीर्थस्नानामुळें किंवा पिकांस मिळणाऱ्या पाण्यामुळें. नदी ही मालाचीही वाट होऊं शकते, ही कल्पना अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील माणसास परकी वाटते. त्याचें कारण उघड आहे. कोपरगांवावरून येणारी गोदावरी आणि टोक्यापाशीं तिला मिळणारी प्रवरा या दोघीही सह्याद्रींत उगम पावतात व खडकाळ पात्रांतून वाहतात. पावसाळ्यांत त्या दुथडी भरतात. उन्हाळ्यांत पूर्वीं ठिकठिकाणचे डोह तेवढे उरत. म्हणून येथील नाव माणसांस या तीरावरून त्या तीरास नेई, पण माल भरून दूरदेशीं जाणें तिच्या नशिबीं नव्हतें. शेजारच्या पैठणचेंच पहा. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत पैठणचा माल भडोच बंदरास गाड्यांतून जात असल्याचें, व ही वाट वीस दिवसांची असल्याचें सांगितलें आहे. शहर गोदातीरीं, पण व्यापार मात्र रस्त्यानें!

तथापि, श्रोतेहो, याच नदीच्या खालच्या भागास मालाचा राजमार्ग करण्याचा मोठा प्रयत्न एकोणिसाव्या शतकांत झाला. सर आर्थर कॉटन यांनीं १८४७ ते १८५२ या काळांत राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम् येथें बंधारा बांधला. त्याच्या कालव्यांनीं शेतें भिजूं लागलीं व नावाही चालूं लागल्या. पुढें कॉटनसाहेबांची दृष्टि नदीच्या वरच्या अंगास वळली. त्या वेळीं वऱ्हाड-नागपूरकडील कापूस बैलांच्या पाठीवरून मुंबईस वा मिर्झापुरास जाई. तोच वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांवरून पूर्वसमुद्रास उतरवावा, असा बेत ठरला. जमिनीवर ज्या ओझ्यास अनेक बैल लागतात, तें पाण्यावर थोड्या बळानें सरकतें, हें त्यामागील साधें तत्त्व होय.

वाटेंत तीन मोठे अडथळे होते. दुम्मगुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमारी या ठिकाणीं नदी खडकांवरून उतरते. तेथें बाजूनें कालवा खणून त्यांत दोन दारांचे हौद बांधावयाचे, अशी योजना होती. या हौदास इंजिनियर लोक ‘लॉक’ म्हणतात. वर जाणारी नाव हौदांत शिरली कीं मागचें दार लावून घ्यावयाचें व वरचें पाणी आंत सोडावयाचें. पाण्याबरोबर नावही वर उचलली जाते आणि पुढच्या दारानें निघून जाते. उतरतांना क्रम उलटा. हीं कामें कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखालीं चाललीं होतीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटून विलायतेंतील गिरण्यांस कापसाचा तुटवडा पडला, तेव्हां या योजनेचें महत्त्व अधिकच वाढलें. परंतु १८६५ सालीं तें युद्ध संपलें आणि १८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास पोहोंचली. अखेर १८७१ सालीं सरकारनें काम थांबविलें. दुम्मगुडेमचा बंधारा मात्र आजही उभा आहे.

ही हकीकत केवळ कुतूहलाची नाहीं. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यानें भद्राचलमपासून नाशिकपर्यंतची गोदावरी चौथ्या राष्ट्रीय जलमार्गांत घातली आहे. म्हणजे कागदोपत्रीं कोपरगांव व टोकें हीं आतां जलमार्गावरील गांवें झालीं! वस्तुतः वरच्या अंगास नांदूर-मध्यमेश्वर व भंडारदरा, तर खालीं पैठणपाशीं जायकवाडी, अशीं धरणें-बंधारे झाले असून, पाण्याच्या वांट्यावरून वरचे व खालचे लोक भांडत आहेत. तेव्हां वाट खडकांनीं अडविली होती. आज ती तहानलेल्या शेतांनीं अडविली आहे. नावेस पाणी द्यावयाचें तर तें कोणाच्या वांट्याचें, याचें उत्तर कायद्यांत नाहीं.

म्हणून या इतिहासाचें जतन करावयाचें तें नुसत्या अभिमानासाठीं नव्हे. यशाइतकेंच फसलेलें कामही पुढच्या पिढीस शिकवितें. शाळेच्या नकाशावर त्र्यंबकेश्वरापासून समुद्रापर्यंत गोदावरी काढतांना सिरोंचा व दुम्मगुडेम यांवरही बोट ठेवावें. टोक्याच्या घाटावर मुलांस नेऊन नदी कशी उतरत असत तें सांगावें, आणि वृद्ध नावाड्यांच्या तोंडचे डोह, उतार व वाऱ्याचे शब्द ते हयात आहेत तोंवरच लिहून घ्यावेत. बंधाऱ्याचे दगड आणखी शंभर वर्षें टिकतील. हे शब्द तेवढी वाट पाहणार नाहींत.